वर्गात ऐकायला शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

श्रवण, भाषण, वाचन, लेखन. डी.एड. केलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी हा क्रम चुकणार नाही. त्यात श्रवण पहिलं आहे, पण वेळापत्रकात त्याच्या वाट्याला काही येत नाही. दहावीच्या मराठी-इंग्रजीला 80 गुणांचा लेखी पेपर असतो आणि 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. श्रवणाची आठवण होते ती या 20 गुणांच्या निमित्तानं. शिक्षक एक उतारा मोठ्यानं वाचतात, त्यावर चार-पाच प्रश्न विचारतात, मुलं उत्तरं लिहितात आणि गुण भरले जातात.

यात परीक्षा झाली, शिकवणं झालं नाही. ज्याला आधीपासून ऐकून कळत होतं त्याला गुण मिळाले. ज्याला कळत नव्हतं त्याला मिळाले नाहीत, आणि त्याचं अडलं कुठं हे ना त्याला समजलं ना शिक्षकांना. गणिताच्या तासाला असं चालत नाही. उत्तर चुकलं तर आपण वही उघडून बघतो, हातचा विसरला की पाढा चुकला, आणि तेवढंच परत करून घेतो. ऐकण्याच्या बाबतीत मात्र "लक्ष देऊन ऐक रे" यापलीकडं आपली मजल जात नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ऐकणंसुद्धा असंच तपासता येतं, कुठं अडलं ते शोधता येतं आणि तेवढं शिकवता येतं. त्यासाठी आधी ऐकताना काय घडतं ते बघू.

शब्दांच्या मधे जागा नसते

छापलेल्या ओळीत दोन शब्दांमधे कोरी जागा असते. बोलण्यात ती नसते. मोबाइलवर एखादं वाक्य रेकॉर्ड करून त्याचा आलेख पाहिलात तर गंमत दिसेल. आपल्याला जिथं दोन शब्द स्वच्छ सुटे वाटतात तिथं आवाज अखंड चालू असतो. उलट 'पक्का' या एकाच शब्दाच्या पोटात, 'क्का'च्या आधी, क्षणभर चक्क शांतता असते.

म्हणजे शब्द सुटे करायचं काम ऐकणाऱ्याच्या मेंदूचं. हे काम बाळ चालायच्याही आधी करू लागतं. 1996 साली अमेरिकेत जेनी सॅफ्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 8 महिन्यांच्या बाळांना निरर्थक अक्षरांची न थांबणारी माळ 2 मिनिटं ऐकवली. मधे कुठंही विराम नाही, आवाजात चढउतार नाही. कुठली अक्षरं कायम एकापाठोपाठ येतात आणि कुठं जोडी बदलते, एवढ्यावरून बाळांनी त्यातले 'शब्द' वेगळे ओळखले. आपल्या भाषेत आपण हे इतक्या लहानपणी करून बसतो की त्यात काही कष्ट आहेत हेच आपल्याला जाणवत नाही. म्हणूनच "नुसतं ऐकायचं तर आहे, त्यात शिकवायचं काय?" असा प्रश्न पडतो.

आपलंच बोलणं घ्या. पुस्तकात 'काय करत आहेस' असतं. बोलताना त्याचं 'काय करतोयस' होतं आणि कोल्हापुरात 'काय करालाईस'. बदलीवर आलेला, पुस्तकावरून मराठी शिकलेला बँक अधिकारी राजारामपुरीतल्या शाखेत बसून 'आहेस' शोधत राहतो आणि तो काही त्याला सापडत नाही. शब्द त्याला माहीत आहेत. फक्त या रूपात ते त्याच्या कानावर कधी पडलेले नाहीत.

आपल्या मुलांचं इंग्रजीत नेमकं हेच होतं. एक वाक्य जवळून बघू. नववीच्या वर्गात स्पीकरवर लावलं: 'आय शुड हॅव आस्क्ड हर अबाउट इट.' मी तिला त्याबद्दल विचारायला हवं होतं. हे फळ्यावर लिहिलं तर वर्गातल्या बहुतेकांना कळेल. पण नेहमीच्या वेगानं बोलणारा माणूस म्हणतो, 'आयशुडव आस्क्टर अबाउटिट.' 'हॅव'चा नुसता 'व' उरला, 'हर'चा 'ह' गळाला आणि उरलेला 'र' मागच्या शब्दाला चिकटला. एखाद्या मुलाच्या कानाला त्या 'आस्क्टर'मधे 'डॉक्टर' ऐकू येतो. मग त्याच्या डोक्यात दवाखाना उभा राहतो आणि पुढचं सगळं संभाषण तो आजारपणाचं समजून ऐकतो. शेवटी प्रश्न येतो, 'त्याला कशाचं वाईट वाटतंय?' मुलगा लिहितो, 'त्याची तब्येत बरी नाही.' आपण लाल रेघ मारतो आणि म्हणतो, लक्ष नव्हतं. लक्ष होतं. एका सांध्यावर कान घसरला आणि त्या एका चुकीवर त्यानं प्रामाणिकपणे पुढचं घर बांधलं.

हा सांधा शिकवता येतो. इंग्रजी बोलताना काही अक्षरांवर जोर पडतो आणि बाकीची दबून जातात. ॲन कटलर आणि डेव्हिड कार्टर यांनी 1987 मधे इंग्रजी संभाषणं तपासून दाखवलं की अर्थ वाहून नेणारे जवळजवळ 90 टक्के शब्द जोराच्या अक्षरानं सुरू होतात. मुलांना सांगण्याजोगी युक्ती यातूनच मिळते: जोर ऐकू आला की तिथं नवा शब्द सुरू झाला असं धरून चाला. बहुतेक वेळा बरोबर येईल. मराठीत असा जोर नसल्यानं आपली मुलं तो शोधत नाहीत. त्यांना तो दाखवावा लागतो, बाकावर ताल धरून दाखवला तरी चालतो.

सुट्या ध्वनींचीही अडचण असते. 1984 मधे कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. 6 ते 8 महिन्यांच्या बाळांना दोन्हींतला फरक कळत होता. वर्षाच्या आसपास, 10 ते 12 महिन्यांच्या बाळांत, तो बहुतेकांचा गेला होता. घरच्या भाषेत ज्या फरकाला काही काम नाही, तो मेंदू ऐकणंच सोडतो. आपल्यालाही हाच नियम लागू. बोलीभाषेत ऱ्हस्व-दीर्घावरून सहसा अर्थ बदलत नाही, म्हणून 'शिप' आणि 'शीप' आपल्या कानाला एकच. 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' लिहिताना आपण वेगळे लिहितो, ऐकताना दोन्हींचा 'व'च होतो. हिंदी घरातून आलेल्या मुलाला 'चार' आणि 'चारा' यांतला 'च' वेगळा आहे हे आपण सांगेपर्यंत जाणवत नाही. असल्या जोड्या आठवड्यातून पाच मिनिटं ऐकवून 'पहिला की दुसरा' एवढंच बोटानं दाखवायला लावलं तरी फरक पडतो. त्यावर सबंध तास घालवायची गरज नाही, कारण वाक्यात संदर्भ बरंच सावरून नेतो.

ऐकलेलं डोक्यात किती टिकतं

संदर्भ सावरून नेतो म्हणजे काय, याचा सुंदर प्रयोग रिचर्ड वॉरन यांनी 1970 मधे केला. रेकॉर्ड केलेल्या वाक्यातला एक ध्वनी त्यांनी कापून टाकला आणि त्या जागी खोकला भरला. ऐकणाऱ्यांना शब्द पूर्ण ऐकू आला, आणि खोकला नेमका कुठं होता हेही नीट सांगता येईना. मेंदूनं भोक बुजवलं होतं.

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर आपण रोज हेच करतो. भोंग्याची खरखर, गाड्यांची घरघर, त्यात 'गारगोटी' आणि फलाटाचा आकडा एवढंच हवं असतं. तेवढं मिळालं की बाकी निवेदन आपण ऐकतही नाही. काय येणार हे माहीत असलं की कानाचं काम अर्ध्यावर येतं. खासबाग मैदानात कुस्तीचं निवेदन चालू असताना पाचवी-सहावीतली पोरं एकलंगी, ढाक, पोकळ घिस्सा हे सगळं त्या वेगातही अचूक पकडतात. तीच पोरं वर्गात दोन मिनिटांच्या उताऱ्याला गळपटतात. मैदानात त्यांना डाव माहीत असतात, पुढं काय होऊ शकतं याचा अंदाज असतो आणि निकाल ऐकायची ओढ असते. वर्गात यांतलं काहीच आपण त्यांना दिलेलं नसतं. म्हणून उतारा लावण्याआधी दोन-तीन मिनिटं विषयावर बोलणं गरजेचं आहे. पण दोन-तीनच. कित्येकदा पंधरा मिनिटं शब्दार्थ आणि प्रस्तावना चालते, सगळी गोष्ट आधीच सांगून होते, आणि ऐकायला काही शिल्लक राहत नाही.

अंदाजाला दुसरी बाजूही आहे. परक्या भाषेत ज्याला शब्दच पकडता येत नाहीत, तो अंदाजावर जास्त भिस्त ठेवतो. चार ओळखीचे शब्द मिळाले की त्यांना जोडून तो गोष्ट रचतो, आणि कधीकधी उत्तर बरोबरही येतं. शिक्षकांना वाटतं, कळलं. म्हणून 'हे तुला कशावरून वाटलं? कुठला शब्द ऐकलास?' हा प्रश्न बरोबर उत्तरालासुद्धा विचारायला हवा.

आता स्मरणाचं. वाचताना मागच्या ओळीवर जाता येतं, ऐकताना येत नाही. म्हणून मेंदू शब्द टाकून देतो आणि अर्थ ठेवतो. 1967 मधे जॅकलिन सॅक्स यांनी लोकांना दुर्बिणीच्या शोधाबद्दलचा उतारा ऐकवला. त्यात एक वाक्य होतं की त्या माणसानं गॅलिलिओला याबद्दल पत्र पाठवलं. पुढं साधारण 80 अक्षरं ऐकून झाल्यावर तेच वाक्य थोडं बदलून विचारलं. शब्दांची मांडणी बदलली होती तेव्हा लोकांना फरक सांगता आला नाही. 'गॅलिलिओनंच त्याला पत्र पाठवलं' असा अर्थ फिरवला तेव्हा मात्र लगेच कळलं. वर्गात याचा सरळ उपयोग आहे. 'लेखकाने कोणते विशेषण वापरले?' किंवा 'यात्रेला किती बैलगाड्या आल्या होत्या?' असले प्रश्न ऐकून झाल्यावर विचारले तर चांगल्या ऐकणाऱ्याचीही विकेट पडते, कारण त्यानं अर्थ ठेवला आणि तपशील सोडला. आकडा हवा असेल तर 'आता आकड्यांकडं लक्ष द्या' असं आधी सांगा. प्रश्न आधी, ऐकणं नंतर.

एक तास असा घेता येईल

साहित्याचं अडून बसू नये. एका मिनिटाचं रेकॉर्डिंग पुरतं. मराठीसाठी शेजारच्या काकांना विचारावं, त्यांच्या वेळी रंकाळ्यावर काय असायचं, आणि त्यांच्या परवानगीनं मोबाइलवर टिपून घ्यावं. इंग्रजीसाठी दोन शिक्षकांनी ठरलेल्या विषयावर पाठ न करता बोलावं आणि रेकॉर्ड करावं. वाचून दाखवलेला उतारा आणि खरं बोलणं यांत फार फरक असतो. खऱ्या बोलण्यात अडखळणं असतं, 'म्हणजे कसं' असतं, अर्धवट सोडलेली वाक्यं असतात. कानाला सवय त्याचीच हवी.

पहिल्यांदा लावाल तेव्हा एकच मोठा प्रश्न द्या: कोण बोलतंय आणि कशाबद्दल? मुलांना शेजाऱ्याशी बोलून उत्तर ठरवू द्या. बरोबर की चूक हे लगेच सांगू नका, इथं शिक्षकांना फार मोह होतो. फळ्यावर दोन वेगळी उत्तरं लिहून ठेवा आणि पुन्हा लावा. आता मुलं ऐकतील, कारण त्यांना भांडण सोडवायचं असतं. दुसऱ्या वेळी तपशिलाचे दोन-तीन प्रश्न.

तिसऱ्या वेळी खरं काम. मधेच थांबवा आणि सांगा, शेवटचे चार-पाच शब्द लिहा. शुद्धलेखनाची काळजी नको, इंग्रजी असलं तरी देवनागरीत लिहिलं तरी चालेल. मग वर्गातून फिरा आणि वह्या बघा. 'आस्क्टर' कुणी कसं लिहिलंय, 'शुडव'चं काय झालंय हे पाच मिनिटांत तुमच्यासमोर असतं. तीस मुलांची तीस उत्तरं आली तरी चुका दोन-तीन प्रकारच्याच निघतात. तेवढा तुकडा परत लावा, हळू, मग नेहमीच्या वेगानं. फळ्यावर लिहा, कुठला ध्वनी गळाला ते खोडून दाखवा, मुलांना तसं बोलायला लावा. तोंडानं ज्यानं 'आस्क्टर' म्हटलं, त्याचा कान पुढच्या वेळी तिथं सहसा अडत नाही. अगदी शेवटी छापील संहिता हातात द्या आणि ती बघत एकदा सगळं ऐकू द्या. संहिता सुरुवातीला दिली तर तो वाचनाचा तास होतो.

मोठ्या वर्गांसाठी आणखी एक प्रकार मला फार आवडतो. छोटा परिच्छेद नेहमीच्या वेगानं दोनदा वाचायचा. मुलांनी फक्त मोजके शब्द टिपायचे, मग चार-चारच्या गटात बसून परिच्छेद पुन्हा उभा करायचा. शब्दशः नाही, अर्थ आणि व्याकरण मात्र बरोबर हवं. एकाला क्रियापद मिळालेलं असतं, दुसरीला नावं, तिसऱ्याला शेवट. मग 'गेला होता' की 'गेला असता' यावर जी हुज्जत चालते, तिच्यात व्याकरण जेवढं मुरतं तेवढं तक्त्यानं मुरत नाही. श्रुतलेखनातच थोडा बदल केला की हे जमतं, वेगळा खर्च काही नाही.

घरी काय करावं असं पालक विचारतात. इंग्रजी सिनेमा किंवा मालिका लावत असाल तर सबटायटल इंग्रजीच ठेवा. 2009 मधे होल्गर मिटरर आणि जेम्स मॅक्वीन यांनी डच विद्यार्थ्यांना स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन ढंगाचं इंग्रजी दाखवलं. इंग्रजी सबटायटल असलेल्यांचा कान त्या ढंगाला सरावला. मातृभाषेतल्या सबटायटलनं नवी वाक्यं ऐकताना उलट अडथळाच आला. हिंदी-मराठी सबटायटल ठेवून गोष्ट कळते, कान तयार होत नाही. अगदी नवशिक्यांसाठी हळू बोललेलं साहित्य आधी वापरायला हरकत नाही. व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी नभोवाणीनं 1959 पासून मर्यादित शब्दांत आणि संथ गतीनं बातम्या दिल्या, त्यावर जगभरच्या लोकांनी कान घडवला. पण तिथंच थांबू नये. परदेशी जाण्यासाठी देतात त्या आयेल्ट्ससारख्या इंग्रजीच्या परीक्षेत साधारण 30 मिनिटांत 40 प्रश्न असतात आणि रेकॉर्डिंग एकदाच ऐकवतात. शाहूपुरी-राजारामपुरीतल्या क्लासांत तिच्यासाठी सराव चाचण्यांमागून चाचण्या होतात. चाचणी झाल्यावर जे प्रश्न चुकले त्याच जागा पुन्हा ऐकून, काय ऐकू आलं ते लिहून बघितलं, तर त्या चाचणीचा उपयोग आहे. नाहीतर तो नुसता आकडा.

मराठीच्या तासाचं काय?

'मराठी तर मुलांना येतेच' हा समज सोडायला हवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वर्गात कागल-निपाणीकडची, घरी कन्नड बोलणारी मुलं असतात. इचलकरंजीत यंत्रमागावर आलेल्या हिंदी भाषक कुटुंबांतली असतात. गळीत हंगामात बीडकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबांतली असतात. बीडचं मूल मराठीच बोलतं, पण त्याचा हेल वेगळा आणि शब्द वेगळे, आणि त्याच्या कानाला आपली कोल्हापुरी तितकीच नवी. पहिले काही आठवडे ते गप्प असतं. ते मंद नसतं, कान लावत असतं. त्याला तो वेळ द्यावा आणि सूचना देताना एकाच वाक्यात चार कामं सांगू नयेत.

आणि कोल्हापूरच्या मुलीनं वर्गात 'मी काल गावाला गेलो होतो' म्हटलं की तिला मधेच तोडून 'गेले होते' म्हणायला लावू नका. ती तिच्या आईचं, आजीचं मराठी बोलते आहे. प्रमाण रूप लिहिताना शिकवायचंच आहे. पण ती काहीतरी सांगत असताना आपण तिची रूपं तपासत बसलो, तर वर्गातल्या बाकी मुलांना आपण ऐकण्याचा काय नमुना दाखवला? ती गावाला कशाला गेली होती, हे विचारावं. सगळा वर्ग ऐकेल.

आधी ऐकू तर आलं पाहिजे

यावर फारसं कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. जुलैत कोल्हापूरचा पाऊस पत्र्यावर कोसळत असतो तेव्हा मागच्या बाकांपर्यंत काहीही पोचत नाही. अमेरिकेतल्या शाळांसाठीच्या मानकात रिकाम्या वर्गातला आवाज 35 डेसिबलच्या आत असावा असं म्हटलंय, आणि शिक्षकांचा आवाज आसपासच्या आवाजापेक्षा साधारण 15 डेसिबलनं वर असावा अशी शिफारस असते. आपल्याकडं हे लगेच जमणार नाही. पण श्रवणाचा तास पावसाच्या भरात किंवा शेजारी पीटीचा तास असताना घेऊ नये, एवढं नक्की जमतं. मोबाइल टेबलावर ठेवून वाजवण्यापेक्षा छोटा स्पीकर वर्गाच्या मध्यावर ठेवावा. लहान मुलांना गोंगाटातून शब्द वेगळे काढणं मोठ्यांपेक्षा अवघड जातं, त्यामुळं 'मला ऐकू येतंय की' हा आपला निकष त्यांना लावू नये.

शिवाय एखादं मूल सतत 'काय?' म्हणतं, तोंडाकडं बघत बसतं, शेजाऱ्याचं बघून वही उघडतं किंवा सर्दीनंतर त्याचं लक्ष लागेनासं होतं. ते खोडकर आहे असं ठरवण्याआधी त्याचा कान तपासून घ्या. साठलेला मळ किंवा पडद्यामागं साचलेलं पाणी ही लहान वयातली अगदी नेहमीची कारणं आहेत आणि त्यांवर उपचार होतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत येणारं पथक इतर तपासणीबरोबर ऐकण्याचीही तपासणी करतं. पथक आलं की त्या मुलाचं नाव शिक्षकांनी आपणहून सांगावं, आणि पालकांनाही कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायला सांगावं. तोवर त्याला पुढच्या बाकावर बसवा, आणि फळ्याकडं तोंड करून बोलू नका.